डार्ट्सच्या प्रो टूरवर खेळाडू पोचतात कसे आणि तिथे टिकतात कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे की टीव्हीवर वर्ल्ड डार्ट्स चॅम्पियनशिप बघताना दरवर्षी नवीन चेहरे दिसतात, त्यातले काही जण अजूनही नोकरी सांभाळून खेळतायत, तर हे लोक तिथवर येतात कसे, त्यांना कुणी निवडतं का, आणि घरच्या बोर्डवर ॲव्हरेज (दर तीन डार्टांमागे सरासरी गुण) ८० च्या आसपास पडत असेल तर क्यू-स्कूलला, म्हणजे व्यावसायिक टूरच्या पात्रता स्पर्धेला, नाव द्यावं का. मी बरीच वर्षं स्टील टिप (धातूच्या टोकाचे डार्ट) खेळतोय, ओपन स्पर्धा खेळलोय, मार्किंग म्हणजे मॅचचा स्कोअर लिहायचं काम केलंय आणि आता नवीन मुलांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोकांना लंडनचा अलेक्झांड्रा पॅलेस, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपची जागा, लाडाने ॲली पॅली, दिसतो, तो झगमगाट, ती गाणी, पण कोण तिथे खेळणार हे वर्षभर बंद हॉलमध्ये ठरलेलं असतं जिथे एक प्रेक्षक नसतो.

पहिली गोष्ट, निवड समिती वगैरे प्रकार जवळजवळ नाहीच. पीडीसी म्हणजे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, तिचं सगळं रँकिंग पैशावर चालतं. टेनिससारखे पॉइंट नाहीत. रँकिंगच्या स्पर्धेत तुम्ही जितके पौंड जिंकलात तितके तुमच्या नावापुढे लागतात, शेवटच्या दोन वर्षांची बेरीज होते आणि त्याला ऑर्डर ऑफ मेरिट म्हणतात. दोन वर्षं झाली की ते पैसे यादीतून गळून पडतात, बँकेत राहतात अर्थात, पण रँकिंगमधून जातात. त्यामुळे प्रत्येक खेळाडू सतत काहीतरी वाचवत असतो. मायकेल स्मिथ २०२३ चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याचे ५ लाख पौंड २०२५ ची स्पर्धा संपली तेव्हा यादीतून गेले, त्या वर्षी तो लवकर हरला होता, आणि एका फटक्यात तो पहिल्या १६ च्या बाहेर गेला. पहिल्या १६ च्या बाहेर म्हणजे काही मोठ्या स्पर्धांमध्ये जी थेट एन्ट्री मिळायची ती बंद, आता ती दुसऱ्या यादीतून कमवायची. हे समजलं की खेळाडू एखादी मॅच जिंकल्यावर इतका का सुटल्यासारखा दिसतो ते कळतं.

आता आत शिरायचा दरवाजा. टूर कार्ड. एका वेळी १२८ जणांकडे ते असतं आणि ते असलं तरच प्रो टूर, म्हणजे पीडीसीची वर्षभराची स्पर्धांची मालिका, नियमित खेळता येते. कार्ड दोन वर्षांचं असतं. वर्ल्ड चॅम्पियनशिप संपली की जानेवारीत हिशोब होतो, ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये पहिले ६४ जण कार्ड राखतात, ज्यांचं पहिलंच वर्ष संपलंय त्यांना दुसरं वर्ष मिळतंच, आणि ज्यांची दोन वर्षं झाली आणि जे ६४ च्या बाहेर आहेत त्यांचं कार्ड गेलं. चॅलेंज टूर आणि डेव्हलपमेंट टूर या खालच्या दोन टूरवरून वर्षाअखेरीस दोघा-दोघांना कार्ड मिळतं. उरलेली सगळी कार्डं क्यू-स्कूलमधून.

क्यू-स्कूल २०११ ला सुरू झालं. जानेवारीत एकाच आठवड्यात दोन ठिकाणी होतं, एक ब्रिटनमधल्यांसाठी आणि एक युरोपातल्यांसाठी, अलीकडे मिल्टन कीन्स आणि जर्मनीतलं काल्कार. आधी फर्स्ट स्टेज, तीन दिवस. रोज नवीन ड्रॉ पडतो, रोज पहिल्यापासून नॉकआउट, ठरावीक फेरीपर्यंत पोचलात तर पुढे, नाही पोचलात तर जिंकलेल्या मॅचचे पॉइंट जमा होत राहतात आणि त्या यादीतूनही काही जण पुढे जातात. मग फायनल स्टेज, चार दिवस, तिथे ज्यांनी नुकतंच कार्ड गमावलंय ते थेट येऊन बसलेले असतात, म्हणजे मागच्या महिन्यात ॲली पॅलीला खेळलेला माणूस तुमच्या समोर उभा असू शकतो. रोजच्या विजेत्याला त्याच संध्याकाळी कार्ड, बाकीची कार्डं चार दिवसांच्या पॉइंटवर. ही पॉइंटची यादी फार लोक दुर्लक्षित करतात आणि मी प्रत्येकाला सांगतो की तुमचा खरा रस्ता तोच आहे, एखाद्या दिवशी सगळ्यांना हरवणं हे फार थोड्यांना जमतं पण चारही दिवस दोन-तीन, दोन-तीन मॅच जिंकत राहणं हे चांगल्या तयारीच्या माणसाला जमू शकतं. पहिल्या दिवशी पहिल्याच फेरीत बाहेर पडलेला माणूस डोकं धरून हॉटेलवर जातो आणि उरलेले तीन दिवस वाया घालवतो, हे मी अनेकदा बघितलंय, आणि वाईट वाटतं कारण बऱ्याचदा त्याचा खेळ चांगला असतो.

कार्ड मिळालं की लोक समजतात पोचलो. तिथून काम सुरू होतं. प्लेयर्स चॅम्पियनशिप नावाच्या स्पर्धा वर्षभर असतात, २०२४ मध्ये ३० होत्या, २०२५ मध्ये ३४ झाल्या. लेस्टर, विगन, हिल्डेसहाइम अशा गावांतल्या हॉलमध्ये, बहुतेकदा लागोपाठ दोन दिवस दोन वेगळ्या स्पर्धा, कामाच्या दिवशी. याला सगळे फ्लोअर म्हणतात. एका हॉलमध्ये ओळीने बोर्ड लावलेले, १२८ जण, सकाळी ड्रॉ, आणि संध्याकाळी एक विजेता. बेस्ट ऑफ इलेव्हन लेग, लेग म्हणजे ५०१ वरून शून्यावर यायचा एक डाव, आधी ६ लेग घेईल तो जिंकला, फक्त सेमीफायनल आणि फायनल थोड्या लांब. सात मॅच जिंकल्या तर स्पर्धा तुमची. २०२४ मध्ये अशा एका दिवसाचे विजेत्याला १५,००० पौंड होते, दुसऱ्या फेरीत हरलात तर १,०००, आणि पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. विमान, हॉटेल, जेवण सगळं स्वतःचं. त्यामुळे कार्ड असून नोकरी न सोडलेले खेळाडू बरेच आहेत आणि त्यात कमीपणा काहीच नाही, उलट मी नवीन कार्ड मिळालेल्याला हेच सांगेन की पहिल्या वर्षी घरच्या खर्चाचा भार डार्ट्सवर टाकू नका, हात आखडतो.

फ्लोअरचा खेळ वेगळाच असतो. गर्दी नाही, शेजारच्या बोर्डवर कुणीतरी १८० (तीन डार्टांतले जास्तीत जास्त गुण) मारतोय त्याचा आवाज येतो, मॅच वीस-पंचवीस मिनिटांत संपते आणि पुढची कधी येईल ते नक्की नसतं, कधी लगेच, कधी दीड तासाने. थंड पडलेला हात घेऊन परत बोर्डसमोर उभं राहायचं आणि पहिल्याच लेगला समोरच्याने १४ डार्टात संपवलेलं असतं. स्टेजवर अप्रतिम खेळणारे काही जण फ्लोअरवर चालत नाहीत आणि फ्लोअरचे राजे काही जण स्टेजवर गेले की खांदा वर चढतो, कोपर हलतं, डार्ट खाली पडायला लागतात. दोन्ही जमणारे थोडे, आणि तेच वर दिसतात.

दुसरं अंग युरोपियन टूर. २०२४ मध्ये १३ आणि २०२५ मध्ये १४ स्पर्धा होत्या, बहुतेक शुक्रवार ते रविवार, ४८ खेळाडू, प्रेक्षक असतात, जर्मनीत तर तुफान. वरचे १६ सीड असतात आणि ते दुसऱ्या फेरीपासून खेळतात, बाकीचे प्रो टूरच्या यादीतून, वेगळ्या क्वालिफायरमधून आणि यजमान देशातून येतात. यातला एक नियम मला फार योग्य वाटतो, सीड खेळाडू आपली पहिलीच मॅच हरला तर त्याला पैसे मिळतात पण ते रँकिंगमध्ये धरले जात नाहीत. नाहीतर वरच्यांना नुसतं हजर राहून वर राहता आलं असतं.

प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि युरोपियन टूर यांच्या एका वर्षाच्या कमाईची स्वतंत्र यादी असते, तिला प्रो टूर ऑर्डर ऑफ मेरिट म्हणतात. मुख्य यादी दोन वर्षांची, ही एका वर्षाची. नवीन माणसाला वर यायचा जिना हाच, कारण दोन वर्षांच्या यादीत जुन्यांचे मोठे आकडे आधीच बसलेले असतात आणि तिथे एका हंगामात त्यांना गाठणं अवघड, पण एका वर्षाच्या यादीत जुने आकडे लवकर गळतात आणि हंगाम संपेपर्यंत फक्त त्या वर्षाची कमाई उरते. ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समध्ये जुलैत वर्ल्ड मॅचप्ले होते, तिथे ३२ जण, १६ मुख्य यादीतून आणि १६ प्रो टूरच्या यादीतून. ऑक्टोबरची वर्ल्ड ग्रँड प्रिक्स तशीच, पण तिथे लेग सुरू करायलाही डबल (बोर्डच्या कडेची दुप्पट गुणांची अरुंद पट्टी) लागतो, तो बसेपर्यंत तुमचे ५०१ चे ५०१ च, आणि जगातले उत्तम खेळाडू सहा-सहा डार्ट टाकून सुरूच होत नाहीत हे दृश्य दुसऱ्या कुठल्या मोठ्या स्पर्धेत दिसत नाही. ब्रेंडन डोलनने २०११ ला तिथे डबल स्टार्टचा नाइन-डार्टर मारला, म्हणजे कमीत कमी अशा नऊ डार्टांत लेग संपवला, १६०, १८०, १६१. मला विचाराल तर साध्या नाइन-डार्टरपेक्षा ते कितीतरी वरचं काम आहे कारण पहिलाच डार्ट डबलमध्ये घालायचा असतो, हात गरम व्हायच्या आत.

युरोपियन चॅम्पियनशिपला युरोपियन टूरच्या कमाईतले पहिले ३२, प्लेयर्स चॅम्पियनशिप फायनल्सला फ्लोअरच्या कमाईतले पहिले ६४, म्हणजे प्रत्येक मोठ्या स्पर्धेला स्वतःची चाळणी आहे. यूके ओपन तेवढी निराळी, माइनहेडला होते, सगळे कार्डधारक आणि त्याशिवाय क्वालिफायर जिंकून आलेले हौशी खेळाडू, वरचे खेळाडू उशिराच्या फेरीत येतात पण ड्रॉ खुला, सीडिंग नाही, त्यामुळे पहिला आणि दुसरा नंबर मधल्या फेरीतच भिडू शकतात. आणि प्रीमियर लीग, जी लोक सगळ्यात जास्त बघतात, आठ खेळाडू, दर गुरुवारी वेगळं शहर, ती रँकिंगमध्ये अजिबात धरत नाहीत. पहिले चार जण रँकिंगने जातात आणि उरलेल्या चौघांना आमंत्रण असतं. वर म्हटलं ना निवड जवळजवळ नाही, ती मुख्यतः इथे आहे, आणि दरवर्षी कुणाला घेतलं कुणाला नाही यावर भांडणं होतात ती यामुळेच.

आता वर्ल्ड चॅम्पियनशिप. पहिली १९९४ ला पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये झाली, जुन्या संघटनेतून बाहेर पडलेल्या खेळाडूंनी ती उभी केली, डेनिस प्रीस्टली जिंकला, २००८ च्या आवृत्तीपासून ती अलेक्झांड्रा पॅलेसला आली. २०२५ पर्यंत ९६ खेळाडू असायचे, २०२६ पासून १२८ केले आणि एकूण बक्षिसं ५० लाख पौंड, विजेत्याला १० लाख. १२८ ची विभागणी अशी, मुख्य यादीतले पहिले ४०, प्रो टूरच्या यादीतून त्यात नसलेले पुढचे ४०, आणि ४८ जण जगभरातल्या क्वालिफायरमधून, म्हणजे आशिया, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, नॉर्डिक देश, महिलांची सिरीज, चॅलेंज टूर, डेव्हलपमेंट टूर असं सगळं. आपल्याकडचा नितीन कुमार याच वाटेने गेलाय, आणि २०२५ च्या स्पर्धेत मार्टिन लुकमनला ३-१ हरवून तिथे मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. लुकमनने त्याच्या महिनाभर आधी ग्रँड स्लॅम या डार्ट्सच्या मोठ्या स्पर्धेची फायनल खेळली होती, त्यामुळे तो विजय किती मोठा होता ते बघा.

या ४८ जागा म्हणजे उपकार आहेत, खरे खेळाडू घरी बसतात आणि हे लोक येतात, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. फॅलन शेरॉक डिसेंबर २०१९ ला अशाच जागेवरून आली होती, टेड एव्हेट्सला ३-२ हरवलं, मग मेन्सूर सुल्योविचला ३-१, त्या स्पर्धेत मॅच जिंकणारी पहिली बाई. ल्यूक लिटलर डिसेंबर २०२३ ला १६ वर्षांचा होता, टूर कार्ड नव्हतं, डेव्हलपमेंट टूरवरून पात्र झाला आणि थेट फायनलला गेला. उपविजेत्याचे २ लाख पौंड त्याच्या नावावर लागले आणि तेवढ्या एका स्पर्धेने तो ६४ च्या खूप वर गेला, कार्ड आपोआप, क्यू-स्कूलची गरजच पडली नाही. पुढच्या वर्षी मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ हरवून तो वर्ल्ड चॅम्पियन झाला, १७ व्या वर्षी, आणि २०२६ ला परत. आणि त्याच लिटलरला ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ल्ड यूथच्या सेमीफायनलला बो ग्रीव्हज या महिला खेळाडूने ६-५ ने हरवलं. दरवाजे जास्त ठेवले की असे लोक सापडतात.

पैशाची गंमत बघा. २०२६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही १५,००० पौंड होते. म्हणजे फ्लोअरवर दिवसभरात सात मॅच ओळीने जिंकून विजेता झालेल्याला २०२४ मध्ये जे मिळत होतं तितकंच, नुसतं पात्र झाल्यावर. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रो टूरच्या यादीत पात्रतेच्या रेषेच्या आजूबाजूला असलेल्या खेळाडूंचे चेहरे बघवत नाहीत. शेवटच्या प्लेयर्स चॅम्पियनशिपला एक मॅच, एक डबल, आणि त्यावर ॲली पॅली, त्यावर १५,०००, त्यावर पहिल्या ६४ मधली जागा, त्यावर पुढच्या वर्षीचं कार्ड. एवढं सगळं त्या डबलच्या पट्टीवर उभं असतं, आणि ती पट्टी ८ मिलीमीटर रुंद असते.

मॅच कशी जिंकतात याकडे येतो, कारण बघणाऱ्याला वाटतं जो जास्त १८० मारतो तो जिंकतो. थ्रो समजून घ्या. लेगमध्ये जो आधी टाकतो त्याला थ्रो आहे म्हणतात, तो एक फेरी पुढे असतो, आणि वरच्या पातळीवर दोघंही १५ डार्टाच्या आसपास लेग संपवू शकत असतील तर आधी टाकणारा बहुतेक वेळा जिंकणार. आपल्या थ्रोवरचा लेग राखणं म्हणजे होल्ड, समोरच्याचा घेणं म्हणजे ब्रेक. पहिला थ्रो कुणाला ते बुलवर, म्हणजे बोर्डच्या मधल्या गोलावर, ठरतं, दोघंही एक एक डार्ट टाकतात, मध्याच्या जवळ ज्याचा तो आधी. आता बेस्ट ऑफ इलेव्हन मोजा, थ्रो आळीपाळीने, तर बुल जिंकणाऱ्याला पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा लेग मिळतो. सहा. जिंकायला लागतात सहाच. म्हणजे त्याने एकही ब्रेक न करता फक्त स्वतःचे लेग राखले तरी मॅच ६-५ ने त्याची, आणि दुसऱ्याला कुठेतरी ब्रेक करावाच लागतो. मॅच सुरू व्हायच्या आधी टाकलेला तो एक डार्ट इतका महत्त्वाचा आहे, आणि तरी सरावात बुलला मुद्दाम वेळ देणारे किती असतात ते बघा. माझ्याकडे शिकणाऱ्यांचं प्रत्येक सत्र बुलच्या एका डार्टने सुरू होतं, थंड हाताने, कारण स्पर्धेतही तो जवळजवळ तसाच टाकायचा असतो.

सेटमध्येही तेच गणित. वर्ल्ड चॅम्पियनशिपला सेट पाच लेगचा, तीन घेतले की सेट, सुरू करणाऱ्याला पहिला, तिसरा, पाचवा. पहिल्या फेरीत तीन सेट जिंकायचे आणि फायनलला सात. सेटमध्ये एक विचित्र सोय आहे, २-३ ने हरलेला सेट आणि ०-३ ने हरलेला सेट सारखाच मोजला जातो, त्यामुळे एकूण लेग जास्त जिंकूनही मॅच हरता येते, आणि म्हणूनच अनुभवी खेळाडू सेट हातातून गेला असं दिसलं तरी पुढच्या सेटला पहिला थ्रो कुणाचा आहे ते डोक्यात धरून असतो.

मग डबल. ५०१ वरून खाली यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये किंवा मधल्या बुलमध्ये. तीन डार्टात जास्तीत जास्त १७० संपतात, दोन ट्रेबल वीस (वीसची तिप्पट, ६०) आणि बुल (५०). त्याखालचे १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ हे तीन डार्टात संपतच नाहीत, त्यांना बोगी म्हणतात आणि ते पाठ हवेत. समजा १८९ उरलेत आणि हातात त्या फेरीचा शेवटचा डार्ट आहे. सवयीने वीसकडे टाकलात आणि सिंगल बसला तर १६९, बोगी. एकोणीसकडे टाकलात आणि सिंगल बसला तर १७०, म्हणजे निदान एक संधी. हा विचार अर्ध्या सेकंदात झाला पाहिजे, थांबून मोजत बसलात तर लय गेली. तसंच ३२ लोकांना का आवडतो, डबल सोळा चुकून सिंगल सोळा बसला तर डबल आठ, तो चुकला तर डबल चार, मग दोन, मग एक, चार वेळा अर्धं होत जातं. ४० वर डबल वीस चुकला तर दहा, दहा चुकला तर पाच, आणि पाच चुकून सिंगल बसला की विषम पाच उरले, एक डार्ट सरळ करण्यात गेला. ज्याचा डबल वीसवर हात बसलाय त्याने तोच खेळावा, मी कुणाचा हात मोडत नाही, पण पर्याय माहीत हवा.

डबलचं मोल २०२४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये सगळ्या जगाने बघितलं. लिटलर ल्यूक हम्फ्रीजविरुद्ध ४-२ सेटने पुढे होता आणि ५-२ करायला डबल दोनवर डार्ट होता. चुकला. हम्फ्रीजने तो सेट काढला आणि पुढे ७-४ ने वर्ल्ड चॅम्पियन झाला. किंवा २०२३ ची फायनल घ्या, व्हॅन गर्वेनने आठ डार्ट अचूक मारले, नववा डबल बारावर थोडक्यात गेला, आणि त्याच लेगमध्ये स्मिथने उरलेले १४१ काढून स्वतःचा नाइन-डार्टर पुरा केला. आठ डार्ट परफेक्ट टाकून लेग हरलेला माणूस, यापुढे स्कोअरिंगवर मी काय बोलू.

आता तुमच्या ८० च्या ॲव्हरेजचं. ८० म्हणजे साधारण १९ डार्टात लेग, सातव्या फेरीत संपणार. ९० म्हणजे १७ च्या आत, १०० म्हणजे १५. समोरचा ९० ने खेळणारा असेल तर सलग लेगमध्ये तो जवळजवळ एक फेरी आधी डबलवर उभा असेल, आणि बेस्ट ऑफ इलेव्हनमध्ये एखाद वेळी तुम्ही त्याला काढाल पण दिवसात चार-पाच असे लोक ओळीने नाही काढणार. माझं स्पष्ट मत, घरी एकट्याने मोजलेलं ८० असेल तर क्यू-स्कूलला कार्डाच्या आशेने जाऊ नका. शिकायला जायचं असेल आणि खर्च परवडत असेल तर जा, किमान वय १६ पूर्ण हवं, आणि त्या आठवड्यात जे दिसेल ते वर्षभराच्या सरावात दिसत नाही. शिवाय क्यू-स्कूल खेळून कार्ड न मिळालेल्यांसाठी चॅलेंज टूर खुली असते, तिथे वर्षभर चांगल्या लोकांबरोबर खेळायला मिळतं आणि त्या यादीत वर असलात तर फ्लोअरवर कुणी गैरहजर असताना बोलावणं येतं. बऱ्याच जणांची खरी सुरुवात त्या बोलावण्यातून झालीय.

पण त्याआधी घरचा आकडा नीट मोजा. एकट्याचं ॲव्हरेज फसवं असतं कारण समोर कुणी नाही, वाट बघणं नाही, आणि नकोसे लेग माणूस मोजत नाही. दोन आकडे वेगळे लिहा. एक, प्रत्येक लेगच्या पहिल्या नऊ डार्टांचं ॲव्हरेज, तो तुमचा स्कोअरिंगचा दर. दुसरा, डबलवर किती डार्ट टाकले आणि किती बसले. टॉपच्या लोकांचं डबलचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तेही निम्म्याहून जास्त चुकवतात. ज्यांचं पहिल्या नऊचं ९५ आहे आणि एकूण ८० येतंय त्यांना ट्रेबल वीसवर तासन्‌तास घालवून काहीही मिळणार नाही, त्यांचे डार्ट डबलवर वाया जातायत. आणि उलट असेल तर उलट. डबलसाठी बॉब्स ट्वेंटी-सेव्हन खेळा, २७ पासून सुरू, डबल एक ते वीस आणि शेवटी बुल, प्रत्येकी तीन डार्ट, बसला तर डबलची किंमत मिळवायची आणि तिन्ही चुकले तर तेवढी वजा, शून्याखाली गेलात की संपलं. चेकआउटसाठी, म्हणजे उरलेला आकडा डबलवर संपवण्यासाठी, १२१ घ्या, नऊ डार्टात संपवलं तर पुढच्या वेळी १२२, नाही तर परत मागे.

डार्ट टाकायची पद्धत बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका. यूट्यूबवर एखाद्याचा हात बघून कोपर वर, पकड वेगळी, दर महिन्याला नवीन बॅरल (डार्टचा हातात धरायचा भाग), असं करणारे वर्षानुवर्षं तिथेच राहतात. २१ ते २४ ग्रॅममध्ये हाताला बसेल तो डार्ट घ्या आणि एक हंगाम तरी सोडू नका. आणि हात सुटत नाही, डार्ट बोटातून निघतच नाही असं व्हायला लागलं तर जोर करून शंभर-शंभर टाकत बसू नका, त्याला डार्टायटिस म्हणतात, एरिक ब्रिस्टोसारख्या पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्याला तो झालाय, २०१७ च्या ग्रँड स्लॅममध्ये बेरी व्हॅन पीर भर स्टेजवर त्याच्याशी झगडताना सगळ्यांनी बघितला. थोडे दिवस थांबा, बोर्डच्या जवळ उभं राहून हलक्या हाताने सुरू करा, आणि जाणत्या माणसाला दाखवा.

मग वर्षभर ओपन स्पर्धा शोधा, जिथे बेस्ट ऑफ फाइव्ह किंवा सेव्हन असतं, हरलेल्याने पुढची मॅच मार्क करायची असते आणि दिवसभर उभं राहावं लागतं. मार्किंग टाळू नका, बोर्डच्या शेजारी उभं राहून दुसऱ्याचे चेकआउट मोजताना गणित जितकं पक्कं होतं तितकं घरी होत नाही. तिथे सहा-आठ महिने खेळून मॅचमधलं ॲव्हरेज, घरचं नाही, ८५ च्या वर स्थिर झालं आणि डबल तीनात एक बसायला लागला की जानेवारीच्या फर्स्ट स्टेजचा अर्ज भरा, आणि तिन्ही दिवसांचं हॉटेल आधीच बुक करून ठेवा.